घरची वेधशाळा : स्वस्त बोर्ड कोणता घ्यावा?

पाऊस हा आपल्याकडे केवळ आकाशांतला व्यापार नसून घरांतलाहि व्यवहार आहे. मृग वेळेवर निघाला कीं नाहीं, आर्द्रांनीं कसें काय केलें, या नक्षत्राचें वाहन कोणतें आणि तें खरें ठरलें कीं खोटें, या गोष्टींचा खल ज्या घरांत होत नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळाच. वडील मंडळी पंचांग उघडून बसतात, माजघरांत वाळवणें आंत घेण्याची घाई उडते, आणि शाळेंतलीं मुलें मोबाईलवरचा अंदाज मोठ्यानें वाचून दाखवितात. इतकें सगळें असूनहि, ‘काल आपल्या अंगणांत पाऊस किती पडला?’ असा साधा प्रश्न कोणीं विचारला, तर घरांतल्या दहाबारा माणसांपैकीं एकालाहि त्याचें उत्तर आंकड्यांत देतां येत नाहीं. ‘बराच पडला’ यापलीकडे आपली नोंद जात नाहीं.

हा आंकडा सरकारी वेधशाळेकडून मिळतोच, मग घरीं मोजण्याचा खटाटोप कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर मुंबईनेंच देऊन ठेविलें आहे. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर पावसांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच शहराच्या दक्षिण टोंकास कुलाब्याच्या वेधशाळेंत तेवढ्याच काळांत सुमारें ७३ मिलिमीटर भरला. शहर एक, दिवस एक, मध्यें अंतर वीसपंचवीस किलोमीटरांचें, आणि पावसांत फरक बारापटींहून अधिक! कुलाब्याच्या आंकड्यावरून कुर्ल्याच्या गृहस्थाला आपल्या गल्लीची कल्पना कशी यावी? पाऊस गांवाचा नसतो, आळीचा असतो. आणि आळीची नोंद आळींतल्याच कोणीं तरी ठेवावी लागते.

ही विद्या आपल्याला परकी नाहीं. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली. १८४० मध्यें तेथें नोकरीस लागलेले केरो लक्ष्मण छत्रे पुढें ‘केरूनाना’ या नांवानें गणित व ज्योतिष या विषयांत कीर्ति पावले. भारतीय हवामानखातें १८७५ सालीं निघालें आणि १९२८ सालीं त्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अजूनहि ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. त्याच खात्यांत १९४८ सालीं पुण्यास रुजू झालेल्या ॲना मणी या विदुषींनीं सुमारें शंभर हवामानयंत्रांचे आराखडे प्रमाणित करून तीं यंत्रें देशांतच तयार व्हावींत अशी व्यवस्था लावून दिली. ज्या कामास त्या काळीं कारखाना आणि कसबी कारागीर लागत, त्यांतलें पुष्कळसें काम आज घरच्या टेबलावर, चारपांच तारा जोडून, एखादा दहावीचा विद्यार्थी करूं शकतो.

मात्र तो विद्यार्थी दुकानाची यादी उघडतो आणि तेथेंच अडतो. वीसतीस प्रकारचे बोर्ड, प्रत्येकाची किंमत निराळी आणि प्रत्येकाची स्तुति सारखी! मुलगा गोंधळतो आणि पैसे देणारे वडील त्याहून अधिक गोंधळतात. प्रस्तुत लेख त्या दोघांसाठीं आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : बोर्डाची पारख त्याच्या वेगावरून करूं नये, नुसत्या किंमतीवरूनहि करूं नये. तो झोपेंत किती वीज खातो, आणि झोपेंत असतांना त्याला पावसाची चाहूल लागते कीं नाहीं, या दोन गोष्टी पाहाव्या. आणि वांचलेला पैसा पर्जन्यमापकावर व यंत्राच्या सावलीवर खर्च करावा.

बोर्ड म्हणजे घरचा कारकून

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चिपेंत बसविलेला एक लहानसा संगणक. त्याला पडदा नाहीं, कळफलक नाहीं. एकदां नेमून दिलेलें काम तो अहोरात्र न कंटाळतां करीत राहतो. ही चिप, तिला वीज पुरविणारा भाग, संगणकास जोडण्याचें यूएसबीचें तोंड आणि तारा खोंचण्याच्या पिना, हें सर्व ज्या पट्टीवर एकत्र बसविलेलें असतें तिला बोर्ड म्हणतात.

हवामानकेंद्रांत बोर्डाचें काम कारकुनाचें आहे. उष्णता, आर्द्रता, वायुभार आणि पाऊस यांचीं मापें घेणारे सेन्सर निराळे असतात. बोर्ड ठरल्या वेळीं उठतो, त्यांना विचारतो, मिळालेला आंकडा टिपून घेतो आणि वायफायवरून घरांतल्या संगणकाकडे वा मोबाईलकडे पोंचवितो. दर दहा मिनिटांनीं पांचसहा आंकडे टिपावयाचे, एवढेंच काम. त्यासाठीं महापंडित ठेवण्याचें कारण नाहीं. अल्पाहारी, सावध आणि न चुकतां हजर राहणारा माणूस हवा. याच कारणानें, रास्पबेरी पाय या नांवाचा जो पुरा संगणक मिळतो तो या कामास आम्ही सुचवीत नाहीं. तो विजेस फार मोठा आहे, आणि अवेळीं वीज गेली तर त्याच्या मेमरी कार्डावरील मजकूर बिघडण्याचा संभव असतो. पावसाळ्यांत वीज अवेळींच जाते.

बाजारांतलीं चार स्थळें

लग्नाचें स्थळ पाहतांना जशी घराण्याची चौकशी करतात, तशी या चार उमेदवारांची करूं.

पहिलें स्थळ आर्डुइनो ऊनोचें. हें घराणें इटलीचें. इव्रिया गांवीं अभिकल्प शिकविणाऱ्या एका संस्थेंत २००५ सालीं त्याचा जन्म झाला. तेथील मंडळी ज्या पानगृहांत जमत त्याचें, म्हणजे पर्यायानें अकराव्या शतकांतल्या आर्दुइन राजाचें, नांव त्याला मिळालें. ऊनोच्या सर्वत्र रूढ असलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा वेग १६ मेगाहर्ट्झ आणि कामाची स्मृति अवघी २ किलोबाइट. पण आपल्या कारकुनीस तेवढीहि पुरते. शिकण्याच्या दृष्टीनें याच्यासारखा सोशिक गुरु नाहीं. आराखडा सर्वांस खुला असल्यामुळें त्याच्या प्रतिकृति अस्सलाच्या मानानें पुष्कळच स्वस्त मिळतात, व त्या घेण्यांत कांहीं गैर नाहीं. अस्सलाचा शिक्का मारून विकलेली नक्कल मात्र फसवणूकच होय. त्याची उणीव दुसरीच आहे. त्याला वायफाय नाहीं, आणि चिपेला झोपविलें तरी बोर्डावरचे बाकीचे भाग जागेच राहून वीज खात बसतात.

दुसरें स्थळ ईएसपी८२६६ चें. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ सालीं बाजारांत आली आणि वायफाय एकदम गरिबाच्या आटोक्यांत आलें. नोडएमसीयू व डी१ मिनी या नांवांचे तिचे बोर्ड दोनतीनशें रुपयांच्या आसपास मिळतात. त्याहून कमी पैशांत वायफाय असलेलें चांगलें स्थळ सांपडणें कठीण. मात्र बदलता दाब वाचणारी, म्हणजे ॲनालॉग, पिन तिला एकच आहे. आणि तिच्या झोपेंत एक मोठी खोड आहे, ती पुढें सांगतों.

तिसरें स्थळ त्याच घराण्यांतलें, ईएसपी३२. ही चिप २०१६ सालची. तिला दोन गाभे आहेत, वायफायशिवाय ब्ल्यूटूथहि आहे, आणि स्मृति ५२० किलोबाइट आहे. ॲनालॉग पिना पुष्कळ आहेत. परंतु त्यांचे दोन गट असून वायफाय चालू असतांना दुसऱ्या गटाच्या पिनांवर माप घेतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. साधा ईएसपी३२ बोर्ड चारपांचशें रुपयांच्या आंतबाहेर पडतो.

चौथें स्थळ विलायतेचें, रास्पबेरी पाय पिको. नांव त्या मोठ्या संगणकाचें असलें तरी हा खराखुरा मायक्रोकंट्रोलर आहे. जानेवारी २०२१ मध्यें तो चार डॉलरांस निघाला, आणि जून २०२२ मध्यें वायफाय असलेला पिको डब्ल्यू सहा डॉलरांस निघाला. त्याची माहितीपुस्तकें इतकीं नीटस व स्पष्ट आहेत कीं, पायथन भाषा शिकणाऱ्या मुलामुलींनीं याच्यापासून आरंभ केला तर त्यांची वाट सुकर होईल. झोपेच्या बाबतींत मात्र तो कच्चा आहे. मूळ पिको गाढ झोपला तरी सुमारें एक मिलिअँपिअर वीज खातच राहतो.

भुकेचा हिशेब

भिंतींतल्या प्लगवर यंत्र चालणार असेल तर विजेची चिंता नको. परंतु पर्जन्यमापक ठेवावयाचा तो गच्चीच्या मोकळ्या कोंपऱ्यांत किंवा परसाच्या मध्यभागीं, आणि तेथें प्लग क्वचितच असतो. मग बॅटरी आली, आणि बॅटरी आली कीं हिशेब आला.

ईएसपी३२ वायफाय चालू ठेवून जागा असला कीं सरासरीनें शंभर ते दीडशें मिलिअँपिअर वीज घेतो. आपण १२० धरूं. तो अखंड जागा ठेवला तर दिवसास २,८८० मिलिअँपिअर-तास लागतील. म्हणजे २,५०० क्षमतेचा लिथियम सेल एका दिवसांतच संपेल. रोज कोणी तरी शिडी लावून सेल बदलावा असा हा संसार टिकणार नाहीं.

आतां त्याला दर दहा मिनिटांनीं दहाच सेकंद जागा करूं. दिवसांत असे १४४ खेप होतात. एकूण जागरण १,४४० सेकंद, म्हणजे ०.४ तास. त्याचा खर्च ४८ मिलिअँपिअर-तास. हें झालें जागेपणीचें जेवण. बाकीचे साडेतेवीस तास तो झोपेंत काय खातो, तें पाहूं. नुसत्या चिपेची गाढ झोपेंतली भूक सुमारें १० मायक्रोअँपिअर, म्हणजे नगण्य आहे. परंतु स्वस्त बोर्डावर एक लाल दिवा सदैव तेवत असतो, यूएसबीची चिप जागी असते, आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर स्वतःच कांहीं वीज गिळतो. हीं तिन्हीं मिळून पांचदहा मिलिअँपिअर सहज होतात. दहा धरले तर दिवसास सुमारें २४० मिलिअँपिअर-तास! कारकून जागेपणीं ४८ घांस खातो आणि झोपेंत २४०. असा नोकर कोणत्या घरास परवडेल?

याउलट, ज्या बोर्डावर कमी खाणारा रेग्युलेटर बसविलेला आहे व झोपेंतली एकूण भूक ०.१ मिलिअँपिअरवर आली आहे, त्याचा झोपेचा खर्च दिवसास अवघा २.४ मिलिअँपिअर-तास. जागेपणीचे ४८ मिळवून पन्नास झाले. तोच सेल, जो एका दिवसांत किंवा आठनऊ दिवसांत संपला असता, तो कागदावर पन्नास दिवस आणि व्यवहारांतली घट धरून महिनाभर तरी निभावतो. एक वॉटचा लहानसा सौरपट्टा व संरक्षण असलेलें चार्जिंग मॉड्यूल जोडलें, तर श्रावणांतल्या झडींतहि केंद्र चालू राहण्यास अडचण नसावी.

म्हणून दुकानदारास ‘याचा वेग किती?’ असें न विचारतां ‘गाढ झोपेंत हा सबंध बोर्ड किती वीज घेतो?’ असें विचारावें. चिपेचा आंकडा सांगून तो आपली बोळवण करील. आपण बोर्डाचाच आंकडा मागावा. उत्तर न मिळाल्यास घरीं मल्टिमीटर विजेच्या वाटेंत जोडून स्वतः पाहावें. आणखी एक गोष्ट. स्वस्त बोर्डावरील रेग्युलेटरास आंत येणारा दाब बाहेर जाणाऱ्या दाबापेक्षां सुमारें एक व्होल्ट तरी अधिक लागतो. ३.७ व्होल्टांचा सेल त्यास जोडला तर ३.३ व्होल्ट नीट मिळत नाहींत आणि वायफाय सुरू होतांच बोर्ड मान टाकतो. पुष्कळांचा ‘बोर्ड खराब निघाला’ हा समज याच कारणानें झालेला असतो.

झोपेंतहि जागा

उष्णता दहा मिनिटांनीं मोजली तरी चालतें, कारण ती सांवकाश बदलते. पाऊस मात्र कारकुनाच्या सोयीनें पडत नाहीं. पर्जन्यमापकांत नरसाळ्याखालीं दोन कप्प्यांचें एक झुलतें पात्र असतें. एक कप्पा भरला कीं पात्र कलतें, पाणी सांडतें, दुसरा कप्पा नरसाळ्याखालीं येतो. आणि प्रत्येक कलण्याबरोबर पात्रास लावलेलें लोहचुंबक एका नाजूक स्विचावरून जाऊन क्षणभर वीजमार्ग जोडतें. हे क्षण मोजले कीं पाऊस मोजला. पण बोर्ड झोपेंत असतांना पात्र कललें तर तो क्षण टिपणार कोण?

ईएसपी८२६६ ची खोड ती हीच. गाढ झोपेंतून ती जागी होते ती नव्यानें जन्म घेतल्यासारखी, रीसेट होऊन. त्यासाठींहि तिची डी० ही पिन रीसेटच्या पिनेस तारेनें जोडून ठेवावी लागते. झोपेंत पडलेल्या पावसाचें तिला भान नसतें. ईएसपी३२ ला मात्र झोपेंत कांहीं ठराविक पिनांवर कान ठेवतां येतो. पात्र कललें कीं तो क्षणभर उठतो, एक खूण मांडतो आणि पुन्हां झोपतो. इतकेंच नव्हे, तर त्याच्या पोटांत एक दुय्यम, अत्यल्प खाणारा प्रक्रियक आहे. मुख्य धनी झोपला असतां हा धाकटा पावसाच्या खुणा मोजीत बसूं शकतो. दोन्ही बोर्डांच्या किंमतींत जो दोनशें रुपयांचा फरक आहे, त्याचें मोल येथें वसूल होतें.

मापें घेणारे सेन्सर

उष्णता, आर्द्रता आणि वायुभार हीं तिन्हीं मापें एकट्यानें घेणारा बॉश कंपनीचा बीएमई२८० हा सेन्सर घरच्या कामास उत्तम. डीएचटी११ हा निळा सेन्सर फार स्वस्त मिळतो, पण त्याची उष्णता दोन अंशांनीं इकडेतिकडे होऊं शकते. शिकण्यापुरता ठीक, नोंदीस नव्हे.

खरेदींत एक सावधगिरी बाळगावी. बीएमई२८० सांगून बीएमपी२८० गळ्यांत मारण्याचे प्रकार होतात. दुसऱ्यास आर्द्रता मोजतां येत नाहीं. ओळखण्याची खूण सोपी आहे : प्रोग्रॅमनें विचारलें असतां बीएमई आपली ओळख ९६ या आंकड्यानें सांगतो, बीएमपी ८८ नें. या दोन्ही चिपा ३.३ व्होल्टांच्या आहेत; ऊनो ५ व्होल्टांवर चालतो, त्यास जोडतांना मध्यें दाब बदलणारा भाग असलेलाच सेन्सर घ्यावा. तसेंच, पुण्यासारख्या सुमारें ५६० मीटर उंचीच्या गांवीं वायुभार ९४५ ते ९५० हेक्टोपास्कलांच्या घरांत दिसला तर सेन्सर बिघडला असें समजूं नये. पुस्तकांतला १,०१३ हा आंकडा समुद्रसपाटीचा आहे.

पर्जन्यमापकाचें गणित घरांतल्या सर्वांस समजावें असें आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडलें म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला. नरसाळ्याचें तोंड १६ सेंटिमीटर व्यासाचें घेतलें तर त्याचें क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटरांच्या लगत येतें, आणि त्यांत साठलेलें प्रत्येक २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. यावरून झुलत्या पात्राची परीक्षाहि घेतां येते. पात्र ०.२ मिलिमीटरला कलणारें असेल, तर नरसाळ्यांत एक लिटर पाणी अगदीं थेंबथेंब सोडावें. तें ५० मिलिमीटर पावसाबरोबर असल्यामुळें पात्र २५० वेळां कललें पाहिजे. २३० वेळांच कललें तर त्या प्रमाणांत हिशेब सुधारावा. पाणी भडाभडा ओतूं नये. पात्र कलतांना कांहीं पाणी न मोजतां निसटतें, आणि याच कारणानें मुसळधार पावसांत हें यंत्र थोडें कमी दाखवितें. स्विचाच्या थरथरीनें एकच कलणें दोनदां मोजलें जाऊं नये, म्हणून क्षणार्धांत आलेली दुसरी खूण सोडून देण्याची सूचना प्रोग्रॅममध्यें अवश्य घालावी.

यंत्रास सावली द्या

सर्वांत महाग बोर्ड आणि सर्वांत चोख सेन्सर घेऊन तो पत्र्याच्या छपरावर उन्हांत ठेविला, तर त्याला वैशाखांत पन्नास अंश उष्णता दिसेल. ती हवेची नसून पेटीची असेल. वेधशाळेंत तापमापकें ज्या पांढऱ्या, झडपांच्या लांकडी पेटींत ठेवितात, तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. तिचे जनक टॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहें बांधणारे अभियंते, प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. घरीं हेंच काम कुंड्यांखालीं ठेवावयाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सातआठ बशा पालथ्या घालून, मध्यें बोटभर अंतर ठेवून, लांब स्क्रूंनीं ओंवल्या म्हणजे होतें. सर्वांत वरची बशी सोडून इतरांस मध्यें भोंक पाडावें आणि त्या पोकळींत सेन्सर टांगावा. वारा आंत खेळतो, ऊन व पाऊस आंत येत नाहीं. ही पेटी जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, भिंतीपासून दूर असावी. बोर्ड व सेल निराळ्या बंद डबींत ठेवावे, म्हणजे बोर्डाची ऊब सेन्सरास लागत नाहीं. कोंकणांतल्या खाऱ्या, दमट हवेंत डबींत सिलिका जेलची पुडी हवीच. नरसाळ्यावर जाळी बसवावी. पानें, कबुतरें, मुंग्या आणि कोळी हे पर्जन्यमापकाचे नेहमींचे पाहुणे आहेत, आणि त्यांच्यामुळें पावसाळ्यांतहि आंकडा शून्य येतो. विजा चमकत असतां गच्चीवर यंत्राशीं खटपट करूं नये, हें मुलांस बजावून ठेवावें.

मग घ्यावा कोणता?

ज्या घरीं मुलांस प्रथमच ही विद्या शिकावयाची आहे आणि यंत्र खिडकीशीं, संगणकाच्या तारेच्या टप्प्यांत राहणार आहे, त्यांनीं ऊनोची प्रतिकृति किंवा पिको घ्यावा. चुका करण्यास दोघेहि सोशिक आहेत.

ज्यांच्या गच्चीवर किंवा सज्जांत प्लग आहे, वायफाय तेथवर पोंचतें, आणि हात आंखडून खर्च करावयाचा आहे, त्यांस ईएसपी८२६६ पुरे. प्लग असल्यामुळें तिला झोपवावें लागत नाहीं, मग झोपेची खोडहि आड येत नाहीं. हा बोर्ड व ईएसपी३२ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, एवढें पाहून घ्यावें.

ज्यांस पाऊस मोजावयाचा आहे आणि प्लग नाहीं, त्यांनीं ईएसपी३२ च घ्यावा, व तोहि बॅटरीवर चालविण्यासाठीं म्हणून बनविलेला. असा बोर्ड साध्यापेक्षां महाग पडतो, पण वरचा हिशेब पुन्हां वाचला म्हणजे तो महाग वाटणार नाहीं.

शेतावर किंवा गांवाबाहेरच्या वाडींत, जेथें वायफायच नाहीं, तेथें लोरा या पद्धतीचा रेडिओ बोर्डास जोडावा. थोड्या विजेवर लहानसा निरोप मोकळ्या रानांत किलोमीटर-दोन किलोमीटर जातो. भारतांत या कामास ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना खुला आहे. परदेशांतल्या पट्ट्याचा रेडिओ स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

या चारांपैकीं आपलें घर कोणत्या प्रकारांत बसतें हें ठरवून मगच दुकानाची यादी उघडावी. बोर्ड हा या संसारांतला स्वस्त भाग आहे. खर्चाचा मोठा वांटा पर्जन्यमापक, सेल व पेटी यांचा. बोर्डांत शंभर रुपये वांचविण्यासाठीं आठ दिवस घालविणारे गृहस्थ पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यास मात्र तडा गेलेला डबा लावतात, हें उफराटें आहे.

शेवटीं एक विनंति. बोर्डाच्या शेजारींच काचेची एक सरळ बाटली व तसलेंच १६ सेंटिमीटरांचें नरसाळें ठेवावें, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां, जेव्हां हवामानखात्याचीहि पावसाची मोजणी होते, तेव्हां घरांतल्या कोणीं तरी तें पाणी मापून वहींत लिहावें. हें काम आजीबाईंसहि करतां येतें आणि तिसरींतल्या नातवासहि. दोन आंकडे जुळले तर बोर्डावर विश्वास बसतो. जुळले नाहींत तर दोष वेळींच कळतो. वहींत तारखेशेजारीं नक्षत्राचा एक रकाना ठेवावा; आजोबांचें वाहन खरें ठरलें कीं नाहीं, याचाहि निकाल मग आंकड्यांत लागेल.

एका वर्षाच्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. पांच वर्षांची असली कीं आपल्या विहिरीचें पाणी केव्हां चढतें व केव्हां ओसरतें, किती पाऊस झाला म्हणजे गल्लींत पाणी तुंबतें, झाडें केव्हां लावावीं, हें सांगतां येऊं लागतें. एका दिवसांत ६४.५ मिलिमीटरांपासून पुढच्या पावसास हवामानखातें ‘जोरदार’ म्हणतें आणि २०४.४ च्या वरच्यास ‘अत्यंत जोरदार’. आपल्या अंगणांत असे दिवस वर्षाकाठीं किती येतात, हें ज्या कुटुंबास ठाऊक आहे तें पुढच्या संकटास बेसावध सांपडणार नाहीं. मुलगा शिकून परगांवीं गेला म्हणून नोंद तुटतां कामा नये. बोर्ड जुना झाला तर तो बदलावा, वही तीच राहावी. एकत्र कुटुंबाचा हा एक फायदाच आहे कीं, एकाच्या हातांतलें काम दुसऱ्याच्या हातीं सहज जातें. येत्या मृगापूर्वीं पेटी उभी राहील अशा बेतानें आतांच आरंभ करावा.